उदाहरणास उत्तर उदाहरणच

एखादा मनुष्य आपला धर्म मनापासून पाळू लागला म्हणजे त्याच्या शेजाऱ्यास त्यापासून अपाय होतो की लाभ, हा प्रश्न वरवर विचित्र दिसेल. परंतु हल्ली गावोगावी जी भाषा कानी पडते ती ऐकता हा प्रश्न उघडपणे विचारून त्याचे उत्तरही उघडपणे देणे अवश्य झाले आहे. चार गृहस्थ एकत्र बसले आणि ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला, की संभाषण दोहोंपैकी एका वाटेने जाते. एक पक्ष म्हणतो, हे लोक सेवा करतात ती केवळ माणसे ओढण्यासाठी. त्यांचा चांगुलपणा म्हणजे गळाला लावलेले आमिष. दुसरा पक्ष म्हणतो, ज्याचा धर्म त्याच्यापाशी, आपणास काय करावयाचे आहे? पहिल्या पक्षाच्या बोलण्यात संशय आहे, दुसऱ्याच्या बोलण्यात आळस आहे. चांगले आचरण डोळ्यांसमोर दिसत असता त्याचे करावे काय, ह्या मुख्य मुद्द्यास मात्र दोघेही हात घालीत नाहीत. आज आम्ही तोच हाती घेत आहो.

हा विषय आम्ही विशेषेकरून उल्हासनगरच्या, आणि त्यातही कॅम्प पाचमधील, वाचकांपुढे ठेवितो, त्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, धर्मासाठी काय सोडावे लागते हे ह्या शहरास पुस्तकातून शिकावयाचे नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी उभारलेल्या बराकींत १९४७ नंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित येऊन पडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांनी त्या वस्तीस उल्हासनगर असे नाव दिले. घर, शेत, पेढी, नदी सारे मागे टाकून जे आले त्यांनी बरोबर आणिले ते आपले दैवत आणि आपली हातोटी. अशा लोकांच्या वंशजांस दुसऱ्याच्या श्रद्धेची किंमत सांगत बसण्याचे प्रयोजन नाही.

दुसरे कारण व्यापाराचे आहे. मालावरची छाप आणि आतला माल ह्यांत केवढे अंतर पडू शकते हे येथल्या व्यापाऱ्याइतके कोणास ठाऊक? ‘यू. एस. ए.’ ह्या तीन अक्षरांचा उल्हासनगरी अर्थ घेऊन साऱ्या मुलखाने ह्या गावाची थट्टा केली, आणि त्याच गावच्या कारागिरांनी शिवलेल्या जीन्स देशभर खपल्या. गिऱ्हाईक पहिल्या खेपेस छाप पाहून माल घेते. दुसऱ्या खेपेस ते शिवण पाहून घेते. धर्माचा व्यवहार यापेक्षा निराळा नाही. हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती ह्या छापा होत. शिवण म्हणजे आचरण. शेजारच्या ख्रिस्ती मनुष्याविषयी मत बनवावयाचे तर त्याच्या दारावरील क्रूस पाहून न बनविता त्याचे माप, त्याचा शब्द, त्याच्या घरातील मोलकरणीचा पगार आणि त्याच्या गल्लीतल्या आजाऱ्याची विचारपूस पाहून बनवावे, हा सरळ न्याय आहे. पुराव्याच्या कायद्याचे शिक्षण झालेल्या आमच्यासारख्यास तरी ह्याहून दुसरा न्याय सुचत नाही. सबब आम्ही महाराष्ट्रातील दोन घरांचा पुरावा वाचकांपुढे मांडतो. दोन्ही घरे ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांची. दोन्ही आपल्या समाजास एके काळी डोळ्यांत खुपली. आणि दोहोंवाचून आजचा महाराष्ट्र आजच्यासारखा झाला नसता.

पहिले घर पंडिता रमाबाईंचे. १८५८ साली जन्मलेल्या ह्या बाईंस त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी, लोकनिंदा सोसून संस्कृत शिकविले. दुष्काळात आईबाप गेले. भावाबरोबर त्या देशभर पायी फिरल्या. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांच्या विद्येचा गौरव करून त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हटले. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी ह्या वकिलाशी विवाह, १८८२ मध्ये वैधव्य, पदरी लहान मनोरमा. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर कमिशनपुढे स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण मिळाले पाहिजे अशी साक्ष दिली. १८८३ त त्या इंग्लंडास गेल्या व २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे पुष्कळांचे वाचन थांबते आणि रोष सुरू होतो. परंतु पुढचा भाग वाचल्यावाचून निकाल देणे म्हणजे एकतर्फी हुकूमनामा होय.

पुढचा भाग असा की, बाप्तिस्मा घेतल्यावरही रमाबाईंनी आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाकडे गहाण ठेविली नाही. वाँटेजच्या धर्मभगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो प्रसिद्ध आहे. त्यात चर्चच्या अधिकाराविषयी, त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांनी परखड शंका विचारल्या. आपल्या अंतःकरणास जे पटले नाही ते केवळ आज्ञेखातर मान्य करण्याचे नाकारिले. साडी त्यांनी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. परदेशात, परक्यांच्या अन्नावर असताना, आश्रयदात्यांस ‘नाही’ म्हणणे किती कठीण असते ते निर्वासितांच्या छावणीतून वर आलेल्या घरांस सांगावयास नको. धर्म बदलला म्हणजे देश बदलला, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. १८९७ साली पुण्यात प्लेगचा बंदोबस्त चालू असता स्त्रियांची जी हेळसांड झाली तिच्याविरुद्ध ह्याच ख्रिस्ती बाईने वर्तमानपत्रातून सरकारास जाब विचारिला. सरकारचा धर्म व आपला धर्म एकच, म्हणून तिची लेखणी अडली नाही.

आता वादाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. उच्चवर्णीय विधवांस शिक्षण व आसरा देणारे हे घर अमेरिकेतील देणगीवर चालत असे, आणि तेथे कोणाच्याही धर्मात हात घातला जाणार नाही असे आश्वासन होते. रानडे, भांडारकर ह्यांसारखे थोर गृहस्थ सल्लागार मंडळात होते. १८९३ त आरोप झाला की मुली बाईंच्या प्रार्थनेस जाऊन बसतात. बाईंचे म्हणणे असे की, मी माझ्या खोलीत माझ्या मुलीसह प्रार्थना करते, दार लावून घेत नाही. कोणी येऊन बसली तर तिला मी हाकलणार नाही, आणि न आली तर बोलावणार नाही. ‘केसरी’ने कडक टीका केली, रानडे व भांडारकर ह्यांनी राजीनामे दिले, आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

ह्या वादाचा निकाल शंभरांहून अधिक वर्षांनी देणे सोपे वाटते, पण तो तितका सोपा नाही. पालकांचा पक्ष पोकळ नव्हता. लहान वयाच्या, निराधार, उपकारांनी बांधलेल्या मुलीस उघडे दार हे निमंत्रणच वाटते. जिच्या हातचे आपण जेवतो तिच्या देवाकडे मन ओढ घेते, हा मनुष्यस्वभाव आहे. विश्वस्ताने आपल्या पाल्यावरील वजनाचा उपयोग जपून करावा हे न्यायाचे जुने तत्त्व आहे, आणि ज्या पालकांनी आश्वासनावर भरवसा ठेवून मुली पाठविल्या होत्या त्यांस त्या परत नेण्याचा पूर्ण अधिकार होता. परंतु बाईंचा पक्षही पोकळ नव्हता. आश्वासन होते ते दुसऱ्यास धर्म न शिकविण्याचे. स्वतःचा धर्म चोरून पाळण्याचे नव्हे. स्वतःच्या खोलीत देवाचे नाव घ्यावयाचे तर दार लावून घ्या, असे ज्यास सांगितले जाते त्यास धर्मस्वातंत्र्य दिले असे कोण म्हणेल? हाच नियम उद्या आपल्या सत्संगास, आपल्या आरतीस, आपल्या झुलेलालाच्या बहराण्यास कोणी लावू म्हणाला तर आपण तो मान्य करू काय?

आमचे मत असे आहे की त्या दिवशी दोन्ही पक्षांस आपापला अधिकार होता, आणि तरीही एक गोष्ट राहून गेली. मुली काढून नेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या मुलींसाठी दुसरे दार उघडले नाही. जे घर वाईट म्हणून मुलीस बाहेर काढले त्याच्यापेक्षा चांगले घर तिच्यासाठी बांधणे हे काढणाऱ्याचे कर्तव्य होते. ते करावयास पुढे आला तो एकच मनुष्य. त्याच्याकडे आम्ही लवकरच वळतो.

त्यापूर्वी रमाबाईंचे पुढील काम सांगितले पाहिजे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि रस्त्यांवर, निवाऱ्यांत उपासमारीने मरू घातलेल्या तीनशेच्या सुमारास बायका-मुली त्यांनी आणिल्या. दौंड तालुक्यात केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर ‘मुक्ती’ उभे राहिले. १९०० च्या गुजराती दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या बायकांस बसवून खाऊ घातले नाही; विहिरी खणल्या, शेती केली, तेलाचा घाणा, हातमाग, छापखाना चालविला, आंधळ्या स्त्रियांस बोटांनी वाचावयास शिकविले, आणि ज्यांस समाजाने पतित म्हणून टाकिले त्यांच्यासाठी निराळे सदन ठेविले. स्वतः बाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे जुळविणाऱ्या मुक्तीतल्या बायकाच. एकुलती मुलगी मनोरमा १९२१ त वारली, स्वतः बाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ त बाहेर आला. केडगावचे घर आजही चालू आहे. हे घर पुढे उघडपणे ख्रिस्ती होते, हे आम्ही लपवीत नाही. बाईंनीही लपविले नव्हते. पण दुष्काळात त्या रस्त्यावर पडलेल्या मुलीपाशी प्रथम कोण पोहोचले, हाही पुराव्याचाच भाग आहे, आणि तो वगळून फिर्याद चालविता येत नाही.

दुसरे घर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक ह्यांचे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला तो पत्नीस न विचारता. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. कित्येक वर्षे त्या मुलास घेऊन निराळ्या राहिल्या. ह्या दुःखावर आम्ही रंगसफेती करू इच्छीत नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतः ‘स्मृतिचित्रे’त ते सारे हसत हसत, पण काही न गाळता लिहून ठेविले आहे. पुढे त्या नवऱ्याकडे राहावयास आल्या तरी आपले सोवळे, आपला स्वयंपाक निराळा ठेवून राहिल्या. टिळकांनी सक्ती केली नाही. एका छपराखाली दोन धर्म नांदले, आणि जातिभेदाचे लक्ष्मीबाईंचे मन हळूहळू स्वतःच्या विचाराने सुटत गेले. त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या निश्चयाने. तापट, हट्टी, पैसा हाती न टिकणाऱ्या नवऱ्याच्या उपदेशाने ही बाई वळली असती असे आम्हास वाटत नाही. ती वळली ती त्याच्या घरात दीनदुबळ्यांस जी जागा मिळे ती रोज पाहून.

ह्याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक तरुण अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, मुलासारखा राहिला. महाराष्ट्र त्यास बालकवी म्हणून ओळखतो. टिळकांनी त्याची कविता जोपासली, लक्ष्मीबाईंनी त्यास जेवू घातले, आणि तो हिंदूचा हिंदूच राहिला. ‘ह्यांचा चांगुलपणा केवळ आमिष’ असे म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतो: येथे मासा घरात होता, कोळी घरात होता, गळ मात्र कोणी टाकिलाच नाही, मग हा चांगुलपणा कशासाठी होता? टिळकांचा स्वाभिमानही तेवढाच कडक. ख्रिस्ती भक्ती इंग्रजी सुरांत नको, अभंगांत व कीर्तनात हवी, म्हणून ते आयुष्यभर झटले. शेवटी १९१७ त मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांसही स्थान दिले. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते निवर्तले. परक्या पैशावर उभा राहिलेला उपदेश लोकांच्या मनात संशय उत्पन्न करतो, हे त्यांनी ओळखले आणि आपल्या पोटावर पाय देऊन तो संशय दूर केला.

येथे कोणी म्हणतील, ही मोठ्या माणसांची उदाहरणे झाली. पण आज जागोजागी जे चालते त्याचे काय? रोग्यास बरे करण्याचे, गरिबास नोकरीचे वचन देऊन धर्म बदलवीत असतील तर? आमचे उत्तर असे की, जेथे धाक, फसवणूक किंवा लालूच सिद्ध होईल तेथे कायद्याने आपले काम करावे. आम्ही आड येणार नाही. ह्या बाबतीत कायदा काय म्हणतो ते वाचकांनी समजून घ्यावे. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीस सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला आहे. त्यास सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य ह्यांची मर्यादा आहे. ‘प्रसार’ हा शब्द ठेवावा की नाही ह्यावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत खडाजंगी झाली. शब्द गाळा म्हणणारेही होते. कन्हैयालाल मुनशी ह्यांनी तो ठेवण्याचा पुरस्कार केला. आणि तो राहिला. पुढे ओरिसा व मध्यप्रदेश ह्यांनी १९६७ व १९६८ त जे कायदे केले त्यांवर १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्यास धर्मांतरित करणे हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे.

ह्या निकालाशी कोणी सहमत असो वा नसो, त्यातून एक गोष्ट निष्पन्न होते. बोलून पटविण्याला कायद्याने सीमा घालता येते. जगून दाखविण्याला सीमा घालणारा कायदा कोणत्याही विधिमंडळास करता येणार नाही. शेजारी वजनात खोट करीत नाही, ही लालूच नव्हे. तो मोलकरणीच्या पोरास शाळेत घालतो, हा धाक नव्हे. ज्याने आपणास दगा दिला त्याच्या आजारपणात तो उशाशी जाऊन बसतो, ही फसवणूक नव्हे. अशा आचरणाने जर कोणाचे मन त्याच्या धर्माकडे गेले तर फिर्याद दाखल करावयाची कोणावर?

तथापि एक खरी अडचण राहते, आणि तिला बगल देणे आम्हास प्रामाणिकपणाचे वाटत नाही. भुकेल्यास भाकरी देणारा कितीही निर्मळ असला तरी भुकेल्याचे मन स्वतंत्र राहत नाही. उदाहरण कोठे संपते आणि वजन कोठे सुरू होते? आम्हास एकच कसोटी सापडते: समोरच्याने ‘नाही’ म्हटल्यावर भाकरी चालू राहते की बंद होते? चालू राहिली तर ती सेवा. बंद झाली तर तो सौदा. ही कसोटी ख्रिस्ती मनुष्याने आपल्या सेवेस लावावी, आणि आपण ती आपल्या सेवेस लावावी. आपल्या कारखान्यात काज-बटण करणारा कारागीर परमुलखातून आलेला आहे. त्याची खोली आपली, त्याची उचल आपल्या वहीत. त्याने आपल्या देवळाच्या वर्गणीस नाही म्हटले, आपल्या पक्षाच्या सभेस नाही म्हटले, तर त्याचे काम टिकते काय? टिकत नसेल, तर मिशनऱ्यांच्या आमिषावर व्याख्यान देण्यापूर्वी आपली स्वतःची चोपडी एकदा तपासावी, हे बरे.

आता तो मनुष्य, ज्याने दुसरे दार उघडले. शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. १८९३ च्या मार्च महिन्यात धोंडो केशव कर्वे ह्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि मुरुडकरांचा बहिष्कार सोसला. त्याच वर्षी सदनाचे प्रकरण पेटले. कर्व्यांनी पाहिले की रमाबाईंच्या घरावरील लोकांचा विश्वास उडाला, पण विधवांची गरज काही उडाली नाही. त्यांनी रमाबाईंस शिव्या दिल्या नाहीत, सरकारकडे अर्ज केला नाही. १८९६ त त्यांनी पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढिला व १९०० साली तो गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवावे आणि मैलोगणती पायपीट करून आश्रमास जावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालविला. १९१६ त त्यातूनच महिला विद्यापीठ निघाले. ख्रिस्ती बाईच्या उदाहरणास एका हिंदू प्राध्यापकाने दिलेले हे उत्तर होते. त्या उत्तराने कोणाचे नुकसान झाले? केडगावचेही नाही, हिंगण्याचेही नाही. देशात एका घराची दोन घरे झाली.

हा एकच दाखला नव्हे. विठ्ठल रामजी शिंदे ह्यांनी १९०६ साली मुंबईस अस्पृश्यांसाठी काम उभारिले तेव्हा त्यास ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ असे नाव देण्यास ते लाजले नाहीत. ज्याच्यापासून शिकलो त्याचा शब्दही घेऊ, ही त्यांची वृत्ती. मुंबईचे सेवा सदन १९०८ त निघाले ते पारशी बेहरामजी मलबारी आणि सिंधी न्यायाधीश दयाराम गिदुमल ह्यांच्या हातून. पुण्याचे सेवा सदन पुढील वर्षी रमाबाई रानडे ह्यांनी चालविले. महारोग्यांची शुश्रूषा हे काम महाराष्ट्रात फार काळ बव्हंशी मिशनऱ्यांकडे सोपवून आपण नाकास पदर लावीत असू; १९४९ साली वरोड्याच्या मुरलीधर देविदास आमटे नावाच्या वकिलाने महारोगी सेवा समिती स्थापिली आणि त्यातून आनंदवन झाले. सिंध्यांपुरते बोलावयाचे तर साधु वासवानी ह्यांनी १९३३ त हैदराबाद-सिंध येथे मीरा चळवळ आरंभिली आणि फाळणीनंतर पुण्यास येऊन मुलींच्या शिक्षणाचे ते काम पुन्हा उभे केले. ख्रिस्ताविषयी अत्यंत आदराने बोलणारे व लिहिणारे वासवानी आपल्या श्रद्धेपासून तसूभरही ढळले नाहीत. दुसऱ्याचा चांगुलपणा मान्य केल्याने आपली श्रद्धा पातळ होते अशी ज्यांस भीती वाटते, त्यांची श्रद्धा मुळातच पातळ असावी.

आमच्या ख्रिस्ती बांधवांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे, कारण उदाहरण घालून देणे हे मानाचे काम नसून जोखमीचे आहे. जो स्वतःस ख्रिस्ताचा म्हणवितो त्याच्या प्रत्येक चुकीचा बोल त्याच्या धर्मास लागतो. ख्रिस्ती मंडळ्यांतही जुन्या जातींच्या भिंती पुष्कळ ठिकाणी शिल्लक राहिल्या. दलित समाजातून आलेल्यांस देवळातही बरोबरीची जागा मिळावयास झगडावे लागले. बाप्तिस्म्यांची संख्या मोजून परदेशी अहवाल सजविण्याची खोड ज्यांस लागली त्यांनी टिळकांचा दरबार व रमाबाईंची पत्रे पुन्हा वाचावीत. जेथे ख्रिस्ती मनुष्य आपल्या गावाचे सुखदुःख आपले मानतो तेथे त्याची जात-पात कोणी विचारीत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी ‘सुवार्ता’ हे मराठी मासिक वर्षानुवर्षे संपादिले, हरित वसईच्या चळवळीत वसईची जमीन व पाणी राखण्यासाठी गुंड व बिल्डर ह्यांच्याशी वैर पत्करिले, आणि ह्या लढ्यात त्यांच्यामागे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारेच उभे राहिले. १९२० पूर्वीच्या टिळकांप्रमाणे त्यांनीही मराठीसच भक्तीची भाषा मानिले. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले तेव्हा काहींनी धर्मावरून आक्षेप घेतला. संमेलन त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाले. २०२४ त ते निवर्तले. त्यांच्या आयुष्याचा पुरावा वसईच्या विहिरींपाशी विचारावा.

असो. कॅम्प पाचमधील आमच्या व्यापारी मित्रांस आमचे सांगणे थोडक्यात असे. तुमच्या गल्लीत एखादे ख्रिस्ती घर असेल, आणि त्या घरातील माणसे खरोखर भक्तीने जगत असतील, तर त्यांच्या प्रार्थनेचा आवाज मोजीत बसू नका. त्यांच्या उंबऱ्यावर मदतीसाठी कोण उभे राहते ते पाहा. तेथे तुमच्याच समाजातील विधवा, तुमच्याच कारखान्यातून काढलेला कारागीर, तुमच्याच नातलगांनी टाकलेला व्यसनी पोरगा उभा दिसला, तर राग त्या घराचा धरू नका. तो मनुष्य तेथे गेला कारण वाटेतली आपली दारे त्यास बंद मिळाली. त्या घरावर दगड टाकल्याने आपले दार उघडत नाही.

ज्यास आपला समाज आपल्याकडे राहावा असे मनापासून वाटते त्याने कर्व्यांचा मार्ग धरावा. बराकींच्या काळी ह्या गावात एका चुलीवर चार घरांचे अन्न शिजत असे असे जुने लोक सांगतात. ती चूल विझू देऊ नये. ट्रस्टच्या पाटीवर नाव कोरण्याइतकाच खर्च दवाखान्यातील एका खाटेवर करावा; लग्नाच्या मंडपाइतकाच विचार कारागिराच्या मुलीच्या शाळेचा करावा; आणि हे करताना समोरच्याची जात, भाषा व देव विचारू नये. एवढे झाले म्हणजे धर्मांतराची भीती घालणाऱ्यांचा धंदा आपोआप बसेल, आणि शेजारच्या ख्रिस्ती घराशी आपली जी स्पर्धा राहील ती चांगुलपणाची राहील. अशा स्पर्धेत हरणाऱ्याचेही नुकसान होत नाही, आणि पंच म्हणून बसावयास कोर्टाची गरज पडत नाही. जो भुकेलेला दोन्ही दारांतून जेवून गेला, तोच तिचा निकाल सांगेल.